बंबशी एकदा बोलायला हवं

४ जानेवारी, रविवार
सकाळी नेहमीप्रमाणे बंबकडे. (होस्टेलपासून तो बंबच. चटकन तापतो म्हणून.) त्याची जुनी गाडी चालू करायचं आमचं काम कित्येक वर्षं चालू आहे. गाडी अजून बंदच. आज प्लग साफ केले. मी म्हणालो, काजळी फार धरलीय. तो म्हणाला, हो. दुपारपर्यंत एवढंच. खऱ्या मैत्रीला शब्दांचं लोढणं लागत नाही.
चहा बाहेरून आणलेला, कागदी कपात. बंबची बायको दिसली नाही. झोपली असावी.

५ जानेवारी, सोमवार
आमच्या डेंटल लॅबमध्ये मी कवळ्या करतो. म्हणजे माणसांची तोंडं हा माझाच विषय. समोरच्या टेबलावर हिशेबवाली बसते. जेवताना तिला बंबबद्दल सगळं सांगितलं. बाई आणि पुरुष यांच्यात निखळ मैत्री होत नाही म्हणणाऱ्यांनी आमचं लंच बघावं. मी बोलतो, ती ऐकते. आज होस्टेलचे दिवस सांगत होतो तर तिला इतकं भरून आलं, की अर्ध्यातच फोन घेऊन बाहेर गेली.
हळवी आहे.

८ जानेवारी, गुरुवार
बायको म्हणाली, बंबची बायको घर सोडून गेलीय. उन्हाळ्यातच. मी म्हणालो, काहीतरीच काय, मी दर रविवारी तिथे असतो. ती म्हणाली, असता ना? मग?
तुला कुणी सांगितलं विचारलं. म्हणाली, भाऊजींनीच. फोनवर. रडत होते हो.
बंब रडतो? माझ्यासमोर कधी डोळ्याला टिपूस नाही. याचा अर्थ माझ्यासोबत तो खूश असतो. हे बायकोला नीट समजावलं. ती उशी घेऊन भिंतीकडे वळली.
मला झोप नाही. मला का नाही सांगितलं त्यानं? माझं काय चुकलं?
ठराव: रविवारी सरळ विचारायचं. बरा आहेस का? संपलं. त्यात काय अवघड आहे?

११ जानेवारी, रविवार
वाटेत तालीम केली. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला म्हणाला, मी बरा आहे.
बॉनेट उघडलं. दोघंही आत वाकलेलो, वेळ उत्तम होती. घसा साफ केला आणि म्हणालो, बॅटरी बरी आहे का? तो म्हणाला, गेल्याच महिन्यात बदलली की, तूच धरली होतीस. मग माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काहीतरी हवं होतं, हे मी लगेच ओळखलं. पाना पुढे केला.
विषयाला सुरुवात झाली, हे महत्त्वाचं. त्याचा शर्ट खांद्यावर उसवला होता.

१२ जानेवारी, सोमवार
हिशेबवालीचं मत: सरळ विचारून टाका. मी तिला समजावलं, तुम्हा बायकांचं सोपं असतं, भेटलात की सुरू. पुरुषांचं फार खोल असतं. ती म्हणाली, खोल असेल हो, पण पाणी आहे का त्यात? मग फोन घेऊन उठली.
कधीकधी छान बोलते. बंबचं माझं पुढचं सांगणं राहूनच गेलं. उद्या सांगेन.

१८ जानेवारी, रविवार
बंब म्हणाला, गाडी विकतोय. भावाकडे जातोय राहायला. कायमचा. इथे घर खायला उठतं.
एवढं सलग तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला. मी म्हणालो, विकताना टायरचं सांग, नवे आहेत.
घरी आल्यावर जेवण गेलं नाही. छातीत नुसतं जड. पित्त असावं.

२३ जानेवारी, शुक्रवार
हिशेबवालीचा लॅबमधला आज शेवटचा दिवस. मला केक आल्यावर कळलं. बाकी सगळ्यांना माहीत होतं म्हणे. मी लगेच उठून चार शब्द बोललो, की हिला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही. मग हळूच विचारलं, पण का सोडतेस?
म्हणाली, वडील अंथरुणावर आहेत, वर्ष झालं. आता दिवसभर माणूस लागतं. जेवताना मी उठायचे ना, ते त्यांना गोळ्यांची आठवण करायला.
मी म्हणालो, मला सांगायचंस ना गं. ती म्हणाली, तुमचं संपलं की सांगणार होते.
रागानं नाही बोलली. म्हणून जास्त लागलं. केक तसाच डब्यात भरून आणला.

२५ जानेवारी, रविवार
शेवटची संधी. आज बोलणारच, मग काही होवो.
गॅरेज रिकामं. गाडी काल गेली. आता कुठे बघत बोलायचं? जमिनीवर ऑइलचा डाग होता, दोघंही त्याच्याकडे बघत उभे राहिलो. तो म्हणाला, मग? मी म्हणालो, मग काय. हात पुढे केला. त्यानं तो धरला आणि लवकर सोडला नाही. मी म्हणालो, पोचलास की कळव.
ऐन वेळी गाडी विकायची नव्हती त्यानं. गाडी असती तर बोललो असतो.

८ फेब्रुवारी, रविवार
बंबनं कळवलं नाही. दोन्ही रविवार घरातच. शेवटी मीच फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हणालो, तिकडे पार्किंगची सोय कशी आहे? तो म्हणाला, गाडी विकली ना रे. मी म्हणालो, हो की. त्याचा श्वास ऐकू येत होता.
थोड्या वेळानं म्हणाला, वहिनी आहेत का? दे जरा.
दिला. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी दाराशी उभा राहून ऐकलं. काही फार मोठं विचारलं नाही तिनं. भाऊजी, जेवलात का, एवढंच म्हणाली. पुढे कितीतरी वेळ तोच बोलत होता.
एवढं तर मलाही आलं असतं.