लामाराची एकोणीस मिनिटं

थेसालोनिकी,
३ मार्च २०१९

ती. लामारामावशीस,
ताम्ताचा शि. सा. न. वि. वि.

मिनीबसवाला बेसो उद्या आपल्या देशी, कुताइसीला निघतोय, त्याच्याबरोबर तुझी औषधं आणि हे पत्र पाठवते आहे. फोनवर बोलले असते तर नुसती किंचाळले असते.

तुझ्यावरची माझी फिल्म इथल्या कलादालनाने निवडली, हे तुला ठाऊक आहेच. काल तिथल्या संचालिका राल्लूबाई गोडगोड हसत म्हणाल्या, की एकोणीस मिनिटांतली पाच तेवढी काढून टाक. कुठली? एवांथियाआजींना पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने, स्टेलिओसने, तुझी बॅग जिन्यात नेऊन ठेवली, ती. तू अकरा वर्षं त्यांच्या घरी राहून त्याच्या आईचं सगळं केलंस, आणि हा गृहस्थ आता कलादालनाच्या समितीवर! शिवाय फिल्मचं नाव ‘लामारा’ नको, ‘निनावी हात’ हवं. भिंतीवर लिहिणार, ‘मुक्या बायकांना वाचा देणारी स्थलांतरित कलाकार’. तू मुकी? तुला लांबून बघूनच मासेवाला भाव उतरवायचा! आणि मी नऊ वर्षांची इथे आले, त्याला तीस वर्षं झाली. अजून स्थलांतरितच!

नकार दिला तर पुन्हा कुणी विचारणार नाही. काय करू?

चिडकी असले तरी तुझीच आहे, माया कमी करू नकोस.
ताम्ता

कुताइसी,
१९ मार्च २०१९

चि. ताम्तास,
मावशीचे अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

औषधं पोचली. फिल्म शेजारच्या नानुलीने तिच्या कॉम्प्युटरवर दाखवली. स्टेलिओसवर चिडतेस ते ठीक. मीही त्याला रोज शिव्या घालते. पण पोरी, मी अक्रोड फोडत दोन तास बोलले होते. त्यातलं तू काय ठेवलंस? रडले ते, पाय सुजले ते, बॅग. एवांथियाने मला ग्रीक शिव्या शिकवल्या, आम्ही दोघींनी पाद्र्याची नक्कल केली, तिला आंघोळ घालताना दोघी मिळून गायचो, ते गेलं कुठे? नानुली डोळे पुसत म्हणाली, बिचारी लामारा! मी बिचारी? राल्लूबाई पाच मिनिटं कापतेय म्हणून तू आकाश डोक्यावर घेतलंस. मला आधी कापलं कुणी?

राग येईल तुला. येऊ दे. जेवत जा वेळेवर.
तुझ्या भल्यासाठीच चिडणारी,
लामारामावशी

थेसालोनिकी,
२६ एप्रिल २०१९

ती. मावशीस,
खाली मान घालून नमस्कार.

दोन दिवस तुझ्यावर धुमसत होते. तिसऱ्या दिवशी सगळं चित्रण पुन्हा पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. तू हसायला लागलीस की मी कॅमेरा बंद करत होते गं! मला वाटायचं, हसणारी बाई दाखवली तर लोकांना अन्याय दिसणार नाही.

फिल्म कलादालनातून काढून घेतली. राल्लूबाई म्हणाल्या, की तुमच्या लोकांसाठी कितीही करा, कृतज्ञता म्हणून नाही. मी म्हटलं, की ‘तुमचे लोक’ म्हणजे कोण ते एकदा नीट सांगा, आणि उठून आले.

नवी फिल्म एक्केचाळीस मिनिटांची आहे. बॅग आहे, शिव्याही आहेत. गुरुवारी, घरोघरी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या आपल्या बायकांच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमागच्या खोलीत चादर बांधून दाखवली. साठेक जणी होत्या. इतक्या हसल्या, की पुढची वाक्यं ऐकूच येईनात. बॅग दिसली तेव्हा मात्र एकही खुर्ची करकरली नाही. आता दर गुरुवारी दाखवा म्हणतात.

कान उपटायचा हक्क तुझाच, तो सोडू नकोस.
ताम्ता

कुताइसी,
२० मे २०१९

चि. ताम्तास,
मावशीचे पोटभर आशीर्वाद.

काल स्टेलिओसचा फोन आला होता. नव्या फिल्मचं कुणाकडून तरी कळलंय त्याला. आधी वकिलाची धमकी दिली. मीही त्याच्या आईनेच शिकवलेलं एक वाक्य ऐकवलं. मग त्याने हळूच विचारलंन, की आई खरंच एवढी हसायची का. त्याच्यासमोर ती कधी हसली नव्हती म्हणे.

मला सांगता आलं असतं. पण जिन्यातली ती बॅग मी अजून विसरलेले नाही. म्हटलं, गुरुवारी चर्चमागे जा आणि बघ. पूर्ण एक्केचाळीस मिनिटं. बायका खुर्ची देणार नाहीत, उभा राहा.

गेला तर मला कळव.
तुझी,
लामारा