सगळ्यांत आधी वर गेलेला हात

आणि स्वतःला काढायच्या ठरावाला तुम्ही स्वतःच हात वर केलात, तात्या! सगळ्यांत आधी! इतकी वर्षं मी इंदापूरच्या त्या कमिटीला शिव्या घातल्या, की माझ्या बापाला यांनी पक्षातून हाकललं. काल इथं लुधियान्यात डाळजचा एक ट्रकवाला भेटला. तेव्हा तोही कमिटीत होता. म्हणाला, "आमी निम्मे जण हात खालीच ठिवून बसलो हुतो. तात्यांनीच वर केला. मग आमची काय बिशाद?"

मेंढरं राखणारा माणूस तुम्ही. उसात खुरपणाऱ्या बायकांची मजुरी भांडून वाढवलीत आणि तालुक्याचे सेक्रेटरी झालात. लाल झेंड्याची जीप दारात यायची. आई थट्टेनं म्हणायची, "कामरेड, भाकरी खाताय का भाषणावरच भागवताय?" मग त्या बायकांचा संप लांबला, त्यांच्या चुली विझल्या, आणि तुम्ही पक्षाला न विचारता बागायतदाराच्या ओट्यावर बसून निम्म्या वाढीवर तडजोड केलीत. बायका कामावर गेल्या, पोरं जेवली. पक्ष म्हणाला, गद्दारी.

ठरावाच्या त्या मीटिंगनंतर तुम्ही इंदापुराहून परत येता, मी सायकल घेऊन स्टँडवर उभा आहे. रोज "लाल सलाम, कामरेड" म्हणणारा चहावाला त्या दिवशी म्हणतो, "रामराम, तात्या." घरी आई ताट वाढते, "कामरेड, हात धुवा." तुम्ही म्हणता, "कामरेड म्हनू नगंस. पयल्यावानी 'आवं' म्हन." ती हसते. तिला वाटतं, थट्टाच चाललीय. तुम्ही हात न धुता तसेच बसून राहता. त्यानंतर तुम्ही कुठं फार दिवस काढलेत?

ट्रकवाल्याला विचारलं, का केला त्यांनी हात वर? तर म्हणाला, "तात्या म्हनले, ठराव बरुबर हाय, मी पक्षाला इचारलं न्हाय. पर इचारलं असतं तर तुमी न्हाय म्हनला असता, आन् बाया उपाशी ऱ्हायल्या असत्या." असा कसा माणूस हो तुम्ही? दोन्हीकडून खरं बोलून मोकळे, आणि आम्ही इकडं दात-ओठ खात बसलोय.

आता आई बांधावर तुमच्या नावाचा दगड बसवतेय. विचारते, नावाआधी काय कोरू? मी 'कामरेड' कळवलंय. तुम्ही असता तर या ठरावाच्या विरोधात हात वर केला असता, म्हणून तुम्हाला लिहिलेला हा कागद खिशातच ठेवतो. खरं सांगू? मलाही हे तुम्हाला न विचारताच करायचंय. कोरणावळीची मनीऑर्डर सकाळीच करतोय, साडेचारशे रुपये.