येऊ नको, एवढंच सांग

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मला अजून मुकाट लिहिता येत नाही. शाळा अर्धवट सुटली त्याची ही खूण. शब्द आधी तोंडाने म्हणायचा, मग कागदावर उतरवायचा. माझ्या गोदामातली पोरं हसतात, शेठ पेनाशी गप्पा मारतात म्हणतात. हसू देत. रोह्याच्या घराच्या ओटीवर बसलोय, दुपार आहे, आणि आत स्वयंपाकघरात ताई वाल पाखडतेय. सुपाचा आवाज तुझ्यासारखाच आहे, दोनदा उडवायचं, एकदा झटकायचं. मी डोळे मिटले तर तूच बसलीस असं वाटेल, म्हणून मिटत नाही.

काल गावाहून माणसं आली होती. आपल्याच गावाहून, आपल्या दारासमोरून जे मान फिरवून जायचे, त्यांचीच पोरं. हातात नारळ, पेढे. म्हणाले, गावाला तुमच्या ताईंचा सत्कार करायचाय, देशाकडून खेळलेली पहिली मुलगी आपल्या गावची, नव्या पिढीला कळायला नको का? ताईने त्यांना चहा दिला, कुणाची आई कशी आहे ते विचारलं, आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, "मला माझी आई येऊ नको म्हणाली होती. परत ये, असं मला कुणी सांगितलं नाही." एवढं बोलून तिने कप उचलले. ती पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी पेढ्याच्या पुड्याकडे बघत होतो.

तुला आठवत असेल, ती खेळायला शिकली ते मिठागरात. पावसाळा सरल्यावर वाफ्यांची जमीन तुम्ही बाया पायांनी तुडवून घट्ट करायचात, ओळीने, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून. ताई तुझ्या शेजारी असायची. तिचे तळवे तेव्हाच चामड्याचे झाले. पुढे पेणच्या शाळेत खेळाच्या सरांनी मुलींचा फुटबॉल सुरू केला तेव्हा बूट घातलेल्या पोरींपुढे ही अनवाणी धावली, आणि तिचा पाय लागलेली पोर लंगडत बाहेर गेली. सर घरी आले. तू म्हणालीस, "मास्तर, पोरीला लागलं नाय ना?" ते म्हणाले, "हिला नाही हो, दुसरीला." तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसलीस. त्या दिवसानंतर ताई गावातल्या पोरींना जमवून गुरचरणीच्या मोकळ्या जागेत खेळायला लागली. गुरं एका अंगाला, पोरी एका अंगाला, कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार आली ती तिची देशाच्या संघाच्या शिबिरासाठी निवड झाल्यावर. पेणला सत्कार होता, स्टेजवर तालुक्याचे मोठे पुढारी, शेजारी आपल्या गावकीचे पुढारी, आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको, आपली शेजारची काकी. बायकांची जागा राखीव झाल्यामुळे काकी त्या साली सरपंच झाली होती आणि सगळी ग्रामपंचायत तिचा नवरा चालवत होता. ताईला दोन शब्द बोलायला सांगितले. तिला भाषण कुठलं येतंय. ती म्हणाली, "हार नको मला. आमची गुरचरणीची जागा कंपनीला जाणार म्हणतात, ती पोरींना खेळायला ठेवा." मोठ्या पुढाऱ्यांनी हसत आपल्या पुढाऱ्यांकडे मान वळवली, "कुठली हो जागा? आम्हाला नाही बोललात ते?" मी खाली पहिल्या रांगेत होतो. माझे कान तुला माहीत आहेत. आपल्या पुढाऱ्यांनी दातांतून श्वास आत घेतला तो मला टाळ्यांतून ऐकू आला.

पुढच्याच बैठकीत गावकीत विषय निघाला चड्डीचा. पोर उघड्या पायांनी खेळते, पेपरात फोटो आला, गावाची अब्रू गेली. पुढाऱ्यांनी कंपनीशी परस्पर ठरवलेल्या जमिनीचं कुणी नाव काढलं नाही. ठरलं असं की पोरीला परत आणा, तिने देवळासमोर नाक घासावं, पुन्हा बॉलला पाय लावणार नाही अशी शपथ घ्यावी. तोवर घर वाळीत. आपल्याशी बोलेल त्याला दंड. तू देवळाच्या पायरीखाली उभी होतीस, पंचांनी तीनतीनदा विचारलं आणि तू एकदाही हो म्हणाली नाहीस, नाहीही म्हणाली नाहीस. घरी येताना वाटेत मला म्हणालीस, "भात लावून आले होते, करपला असंल."

मग गिरणीत आपलं दळण घेईनात. मिठागराचा मुकादम गावकीतलाच, त्याने तुला पाहून तोंड फिरवलं. मी तेव्हा भाड्याच्या टेम्पोतून मीठ घेऊन रोहा, कोलाड, खांब असा फिरायचो. तो धंदा गावाबाहेरचा म्हणून वाचला, आणि रोह्यात खोली घेतली. तुला किती म्हटलं, चल. तू म्हणायचीस, "मी निघाले तर त्यांचं खरं झालं." मग पेणच्या गणपतीच्या कारखान्यात तू मूर्ती घासायला लागलीस. सोंडेच्या आतल्या बाजूला तुझी बोटं बरोबर जायची, मालक खूश. त्या वर्षी आपल्या गावचे सात-आठ गणपती त्याच कारखान्यातून गेले. तू घासलेले. देवळात तुला बंदी, आणि देव घरोघर तुझ्या हातचे. मी हे तुला बोललो तर म्हणालीस, "गप. धूळ जाते नाकात, हसायला लावू नको."

आणि काकीची ती कोंबडी! माणसाशी बोललं तर दंड होता, कोंबडीशी बोललं तर नव्हता. एका सकाळी काकी कुंपणापलीकडे दाणे टाकत मोठ्याने म्हणाली, "काय गो कोंबडे, शेजारच्या पोरीचा काय निरोप हाय का नाय?" मी दारात होतो. तू अंगणात शेळीला पाला घालत होतीस. तू शेळीचा कान धरलास आणि शेळीला म्हणालीस, "सांग गो तिला, पोर शिबिरात हाय. दूध-अंडी देतात म्हणं." काकी कोंबडीला म्हणाली, "अंडी? ऐकलंस का भवाने, तुला काय वाटतंय का?" असं ते सुरू झालं. आमटीची वाटी कोंबडीच्या नावाने कुंपणाखालून यायची. गावातल्या आणखी दोघी-तिघी आपापल्या मांजरांशी बोलायला लागल्या. गावकीला कळत नव्हतं असं नाही. पण सरपंचाच्या कोंबडीला दंड कसा करणार?

त्या साली सणाच्या आधी ताई शिबिरातून सुट्टी घेऊन निघाली. तिला वाळीत टाकल्याचं अर्धवटच माहीत होतं. मी पत्रात थोडी कटकट आहे एवढंच लिहिलं होतं. तिला आधी रोह्याला माझ्याकडे उतरायला सांगितलं. आदल्या दिवशी तुला विचारायला आलो. तू चुलीपुढे बसली होतीस. म्हणालीस, "येऊ नको, एवढंच सांग." मी म्हटलं, कारण काय सांगू? तू फुंकणी खाली ठेवलीस. "कारण सांगितलंस तर ती येईल. माझ्यासाठी नाक घासंल, शपथ घेईल. ती आईवेडी हाय, तुला काय माहीत. मला रागावलेली समजू दे. रागानं माणूस पळतं, बरं पळतं. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला, कधी सांगायचं नाय." मग फुंकणी पुन्हा उचलून विचारलंस, "परत कुठल्या गाडीनं जाईल?" मी म्हटलं, दुपारच्या पॅसेंजरने.

रोहा स्टेशनात ती उतरली तेव्हा तिच्या अंगात निळं जाकीट होतं, पाठीवर देशाचं नाव. लांबूनच वळून पाठ दाखवली मला, लहानपणी नवा फ्रॉक दाखवायची तशी. म्हणाली, "हे आईला घालणार आहे मी. खेळताना तशीही मला गरम होतं." आणि मी सांगितलं. ती म्हणाली, "असं म्हणाली?" मी म्हटलं, "असंच." "आणखी काही?" "नाही." ती बाकावर बसली. चहा आणला, तो निवून गेला. गाडी परत निघायची वेळ झाली तेव्हा तिने जाकीट काढून माझ्या मांडीवर टाकलं. "तिला नको असेल तर टेम्पो पुसायला घे," म्हणाली, आणि चढली. खिडकीत बसली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आठवड्याने मी गावात आलो. तू कामावरून यायची होतीस. काकी कुंपणाशी आली, इकडे-तिकडे बघितलं आणि कोंबडीसमोर उकिडवी बसली. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "कोंबडे, पोर परत गेली त्या दुपारी मी बघितलं गो. शेजारीण रुळाच्या कडंला बांधावर उभी होती, उन्हात. पॅसेंजर आली. कुठल्या खिडकीत पोर हाय ते तिला काय ठावं? पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळ्यांना हात करत होती. माणसं हसत होती गो खिडकीतली. गाडी गेली तरी हात वरच." मग कोंबडीला उचलून पोटाशी धरून ती आत गेली. तू आल्यावर मी विचारलं, तर म्हणालीस, "शेळी सुटली होती, धरायला गेले होते." शेळी खुंट्याला रवंथ करत होती.

जाकीट मी तुला दिलं. टेम्पो पुसायचं ते नाही बोललो. थंडीत पहाटे तू दार लावून ते घालायचीस, लुगड्यावर, आणि तसंच चूल पेटवायचीस. एकदा दार लोटायचं राहिलं तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला, "कोंबडे, शेजारीण हिंदुस्तानाकडून खेळायला निघाली का गो?" तुम्ही दोघी किती हसलात, एकमेकींकडे न बघता.

कोलाडला हॉटेलात भजी खाताना मला पेपरात ती बातमी दिसली, कोपऱ्यात, चार ओळी. परदेशातली स्पर्धा, आपल्या मुली हरल्या. तुला येऊन सांगितलं. "हरली?" तू म्हणालीस. "लागलं नाय ना कुठं?" आणि काकी कोंबडीला म्हणाली ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "हरली तर हरली. स्वतःच्या पायानं गेली आन् हरली. हितं निवडून आले मी आन् खुर्चीत बसला तो. त्यापरीस तिचं हरणं बरं गो."

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तू गेलीस. धूळ छातीत बसली होती. गावातून कुणी खांदा द्यायला आलं नाही. कारखान्यातले रंगारी आले, माझे टेम्पोवाले आले. काकी दारात उभी होती, नवरा मागे उभा होता, आणि ती कोंबडीला काहीच बोलली नाही. पदराने तोंड झाकून नुसती उभी. ताई तेव्हा संघाबरोबर बाहेर होती, तार उशिरा पोचली. ती आली तेव्हा तुझं तेरावंही होऊन गेलं होतं, आणि आली तीही रोह्यालाच. गावात पाऊल टाकलं नाही. मला विचारलं, "शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली?" तुझी शपथ माझ्या गळ्यात होती आये. मी म्हटलं, "बोलता येत नव्हतं तिला." ते खरंही होतं. ताईने मान हलवली. मग ती जी गेली ती लांबच राहिली, तिकडेच रेल्वेत नोकरी केली, तिकडच्या मुलींना शिकवलं. फोनवर आम्ही पावसाचं बोलायचो. नोकरी संपली तेव्हा माझ्याकडे आली, इथे रोह्याला.

आता पुढारी नाहीत, काकी नाही. गुरचरणीवर कंपनीचं गोदाम आहे आणि त्यातला थोडा माल माझ्याच ट्रकमधून जातो, हेही तुला सांगून टाकतो. सत्कार त्या गोदामाच्या गेटासमोर आहे. ताईने जावं की न जावं ते तिचं तिने बघावं, न गेली तर मला बरंच वाटेल. पण ती तुझ्या त्या 'येऊ नको'वर थांबलीय. पांढरी झाली डोक्याने, गुडघे गेले, आणि अजून त्या बाकावर बसल्यासारखी बसते, चहा निवतो. तिला वाटतं तिच्या आईने तिला टाकली. आणि तुला सरणावर ठेवलं तेव्हा तुझ्या अंगात ते निळं जाकीट होतं, लुगड्यावरून, बटणं मीच लावली, हे तिला ठाऊक नाही.

मी शपथ मोडलेली नाही आये. ताईला मी एक अक्षर सांगितलेलं नाही. मी तुला लिहितोय, आणि तुझ्याशीच बोलतोय. लिहिताना मी मोठ्याने बोलतो ती माझी जुनी खोड, आणि स्वयंपाकघराचं दार मघापासून उघडं आहे. हे कागद मी कुठे पाठवणार, तुझा पत्ता तो कुठला. पण खरं सांगायचं तर पत्र तुला लिहायचंच नव्हतं. काकीला कोंबडी होती, मला तू आहेस.

सूप थांबलंय. बराच वेळ झाला थांबून.