चार बटणं

प्रिय लोरेन,

शाळेतल्या सिस्टरने आपली पत्रमैत्री जुळवून दिली, तेव्हापासून तुला इंग्रजीतच लिहीत आले. आज मराठीत लिहितेय. तू गेल्याचं तुझ्या लेकीने कळवलं; आता तुला कुठलीही भाषा कळत असेल, नाही का? आणि परवा मी मत देऊन आले, हे तुला नाही सांगायचं तर कुणाला?

तेराव्या वर्षी तू लिहिलं होतंस, अलाबामातली तुझी आजी मतदार म्हणून नाव नोंदवायला पाचदा गेली. काळ्या बाईला कारकून दर वेळी कायद्याचं नवं कलम वाचायला लावायचा, अर्थ विचारायचा आणि नापास करायचा. ज्या घरी ती स्वयंपाक करायची, तिथलं कामही गेलं. तरी आजी रविवारची, चर्चला जायची हॅट घालून पुन्हा रांगेत! तिच्या पहिल्या मताला तू तिचं बोट धरून गेली होतीस.

आणि मी? मुंबईतलं गिरगाव सोडून लेकाकडे भाईंदरला, जेसल पार्कला आले. मागच्या निवडणुकीत यादीत नाव नव्हतं, तशीच घरी परतले. वर तुला लिहिलं, "एका मताने काय होतंय?" तू एकच ओळ पाठवलीस, "माझी आजी पाचदा गेली, तू एकदाच?"

किती लागलं मला! रागाने उत्तरच दिलं नाही, आणि मग आलं ते तुझ्या लेकीचं पत्र. थोडी थांबायचंस तरी गं.

म्हणून ठेवणीतली साडी नेसून फॉर्म भरायला गेले. "काकी, लाइट बिल मुलाच्या नावावर. तुमचा पुरावा कुठाय?" दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा गेले. मला कुणी धमकावलं नाही, कुणाचं काम गेलं नाही. नुसते गुडघे दुखले.

परवा महापालिकेचं मतदान. नाव होतं! शाई लावून घेतली, बटण दाबलं आणि निघाले. टेबलावरच्या बाई ओरडल्या, "अहो काकी, कुठे चाललात? अजून तीन बाकी आहेत!" रांगेतून कुणीतरी, "आंटी, चार हैं, चार!"

मुंबईत वॉर्डाला एकच नगरसेवक. इथे चार, म्हणून मतंही चार. मला ठाऊकच नव्हतं! सगळे हसले. मीही हसले, पण मागे वळताना डोळे भरले. एका मताने काय होतंय म्हणणारीला चार मतं! चौथ्या बटणानंतर यंत्र लांब वाजलं आणि कितीतरी दिवसांनी मला हलकं वाटलं.

काल समोरच्या कुंदाताई म्हणाल्या, "माझं नावच नव्हतं. जाऊ दे."

जाऊ देणार नाही, लोरेन. सोमवारी त्यांना घेऊन फॉर्म भरायला जातेय. पाचदा जावं लागलं तरी.

तुझी,
मालती
(आता भाईंदरची)