दोन कंसांमधली मोकळी जागा

११ जानेवारी
तलाठी भरतीची जाहिरात आली. पेपर मार्चमध्ये. आप्पांनी आधीच बजावलंय, हा शेवटचा चान्स. नाही जमलं तर अंबडला मामाच्या ओळखीने कंपनीत पॅकिंगला. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हलगर्जी चालणार नाही. अभ्यास उद्यापासून. आज फक्त तयारी. लॅपटॉपवर स्वतःचं विकी सुरू केलं. प्रत्येक मुद्द्याची वेगळी नोंद, प्रत्येक नोंदीला टॅग. फिल्टर लावला की हवं तेच समोर येणार. माझ्या जुन्या वह्या बघवत नाहीत, इतक्या गचाळ.

१३ जानेवारी
अभ्यासिकेत शेजारी अमित नावाचा मुलगा बसतो. बसल्या बसल्या बूट काढतो. मोजेसुद्धा. टेबलाच्या दांडीवर वाळत घालतो. शी.
फॉर्म भरला. फी नंतर भरता येते. विसरायला नको म्हणून तशी नोंद केली, टॅग ‘महत्त्वाचे’. असं शिस्तीत काम हवं.

१६ जानेवारी, दुपार
‘महत्त्वाचे’ आणि ‘उद्याचे’ असे दोन्ही टॅग असलेल्याच नोंदी हव्या होत्या. फिल्टरमध्ये प्रत्येक टॅग कंसात घालतात, म्हणून दोन कंस शेजारी शेजारी लिहिले. ढिगाने नोंदी आल्या! त्या सॉफ्टवेअरला दोनपैकी एक टॅग असला तरी चालतो. दोन कंसांमध्ये नुसती मोकळी जागा सोडली की तिचा अर्थ ‘किंवा’. मोकळ्या जागेला कसला आलाय अर्थ? हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या घरी केर काढत असतील का, शंका आहे.
दिवस गेला. पण पेपरात बुद्धिमापन असतंच. म्हणजे अभ्यासच झाला.

१७ जानेवारी
रूममेट वैष्णवी जुने पेपर सोडवते, तेही पोहे खाता खाता. कागदावर तेलाचे डाग, डागावर पेन्सिल. मी सांगितलं, तुझ्या अभ्यासाला सिस्टिम नाही. ती म्हणे, हो ना बाई, माझ्याकडे नुसती उत्तरंच आहेत.

१९ जानेवारी
अमितने न विचारता सांगितलं, ताई, दुसऱ्या कंसाआधी अधिकचं चिन्ह टाका, मग ‘आणि’ होतं. सांगताना माझ्या स्क्रीनला बोट लावलं. ते बोट थोड्या वेळापूर्वी मोज्यात होतं. स्क्रीन सॅनिटायझरने दोनदा पुसली.
पण जमलं. यादी एकदम आटली. एवढा अभ्यास एका दिवसात कधी हलका झाला नव्हता.

२२ जानेवारी
वजाचं चिन्ह सापडलं! ‘झाले’ टॅगच्या नोंदी त्याने वगळता येतात. वैष्णवी म्हणे, भारीये, निम्मी भरती तू वजाबाकीनेच काढलीस. हिला कौतुक करता येत नाही.

२५ जानेवारी
मन खात होतं. न वाचलेल्या मुद्द्याला ‘झाले’ लावणं खोटेपणा नाही का? दुपारभर विचार केला. शेवटी ठरलं: वाचणार हे नक्की असेल तर लावायला हरकत नाही. माझं नक्की आहे. म्हणून लावला. फक्त ज्यांच्याबद्दल खात्री आहे त्यांनाच. म्हणजे सगळ्यांना.

२८ जानेवारी
यादी रिकामी! स्क्रीनवर एक ओळ नाही. म्हणजे काहीही बाकी नाही. वैष्णवीने विचारलं, फी भरलीस का गं? मी शांतपणे म्हटलं, बाकी असती तर यादीत दिसली असती. ती म्हणे, अगं पण भरलीस का? काही लोकांना तर्क समजावण्यात अर्थ नाही.

३१ जानेवारी
गावी आले. सिन्नरहून जीपमध्ये एकजण माझ्या खांद्यावर झोपला. लाळेसकट. आप्पांनी आल्या आल्या विचारलं, झालं का समदं? म्हटलं, हो. मग गल्लीभर मला फिरवून आणलं. दिसेल त्याला सांगत होते, ही आमची तलाठीण, लय वाचती. शेजारची भागुबाई म्हणाली, मग आमचा सातबारा हिच्याकडूनच घिऊ. मी मान डोलावली. उगाच नाही म्हणायचं कशाला?

३ फेब्रुवारी
फी भरायची मुदत काल संपली.
शोधून काढलं. फीच्या नोंदीला ‘महत्त्वाचे’ होतं, पण ‘उद्याचे’ लावलेलं नव्हतं. ‘आणि’ म्हटल्यावर ती बाहेरच राहणार. माझं आधीचं ‘किंवा’ असतं तर दिसली असती. हा सगळा मोजेवाल्याचा सल्ला. दोन वेळा हेल्पलाइन लावली. तिथला माणूस जांभई देत म्हणाला, मॅडम, तारीख गेली की गेली. त्याची जांभई फोनमधून अंगावर आल्यासारखी वाटली.

४ फेब्रुवारी
रूमवर परतल्यावर आप्पांना फोनवर सांगितलं. म्हणाले, म्हंजे पेपरला बसूच देणार नाय? मी म्हटलं, तांत्रिक अडचण आहे. मग विचारलं, भागुबाईला काय सांगू? आणि मामाचा नंबर मागितला.

५ फेब्रुवारी
वैष्णवी म्हणाली, राग नको धरू, पण तुला आता नको असतील तर पंचायत राजच्या नोट्स मला देतेस? या लोकांना सगळं आयतं लागतं, वीट आला आहे. तरी मोठ्या मनाने लॅपटॉप पुढे सरकवला. तिने नोंद उघडली. वर सात टॅग, खाली पांढरं. दुसरी उघडली. तिसरी उघडली. म्हणाली, अगं, यात लिहिलंय कुठे? मी म्हटलं, मजकूर कधीही भरता येतो, आधी मांडणी बघ.
तिने बराच वेळ मांडणी बघितली. मग लॅपटॉप हळूच मिटला.