सुटताना पाहिलेली शाळा

आई, परवा लेकीचा फोन आला होता. नातीसाठी हायस्कूल बघायचं आहे, तू तुझी शाळा कशी निवडली होतीस, असं विचारत होती. मी म्हटलं, मी कुठली निवडते, माझ्या आईनं निवडली, आणि तीही कुठल्याच शाळेत पाय न ठेवता, फक्त फाटकाबाहेर उभं राहून. तिला हसू आलं. मग तिला सगळं सांगत बसले, आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे सांगायला हवं होतं ते खरं तुला. तू असताना या गोष्टीवर आपण कधी बोललोच नाही. झालं ते झालं, पोरगी शिकली, असं म्हणून तू पुढच्या कामाला लागायचीस.

मी सातवी पास झाले तेव्हाचं हे. महापालिकेची शाळा सातवीपर्यंतच. वस्तीतल्या बहुतेक मुली तिथेच थांबायच्या. बाबा लकडगंजातल्या आरा मशीनवर लाकूड चिरायचे आणि संध्याकाळी वस्तीतल्या विहाराचं काम बघायचे. तू धंतोलीतल्या एका प्रसूतिगृहात आया होतीस. पांढरं लुगडं, निळा काठ, अंगाला सतत डेटॉलचा वास. सकाळपाळी संपवून तू घरी आलीस, माझा निकाल हातात घेतलास, वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ बघत राहिलीस, आणि म्हणालीस, "चाल वं, शाळा पाहाले जाऊ." मला वाटलं, आत जाऊन विचारपूस करायची असेल. तू मात्र शाळा सुटायच्या वेळी रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभी राहिलीस. मी विचारलं, "आत नाही जायचं?" तू म्हणालीस, "आत त सारेच गोड बोलतात. पोरी कशा बाहेर येतात ते पाहू दे."

रोज एक अशा तीन दिवसांत आपण तीन शाळा पाहिल्या. पहिली शाळा आपल्या घराजवळची, मुलामुलींची. घंटा झाली तशी मुलं फाटकातून लोंढ्यासारखी बाहेर पडली आणि मुली भिंतीला लागून, दप्तर छातीशी धरून, खाली बघत निघाल्या. "ह्या भिंतीले चिकटून काहून चालून राहिल्या?" एवढंच तू म्हणालीस आणि चालायला लागलीस. दुसरी शाळा शहराच्या जुन्या भागातली, मुलींचीच, मोठ्या नावाची. तिथे मुली हसत, गप्पा मारत, घोळक्यानं येत होत्या. मला ती फार आवडली. माझी वेणी ओढून तू मला हळूच दाखवलंस: सगळे घोळके निघून गेल्यावर मागून दोघी-तिघी वेगळ्या चालत येत होत्या. त्यातली एक आपल्या वस्तीतली होती. तू तिला हाक मारली नाहीस. तुझा चेहरा बंद झाला आणि तू घराकडे झपझप चालायला लागलीस.

तिसरी शाळा ख्रिस्ती सिस्टर लोकांची. तिथे आपण का गेलो हे मला आजही नीट माहीत नाही, बहुधा दवाखान्यात बाळंतीण म्हणून आलेल्या कुणी बाईनं तुला सांगितलं असावं. फाटक उघडलं, मुली आल्या, इतर शाळांसारख्याच. मग माझ्याएवढीच एक मुलगी दिसली, बाहीवर शाई सांडलेली, पांढऱ्या झग्यातल्या एका उंच सिस्टरशी वाद घालत चालली होती. हात हलवून हलवून काहीतरी पटवत होती. सिस्टर मान वाकवून ऐकत होत्या. फाटकाशी थांबून त्यांनी पूर्ण ऐकलं, मग मोठ्यानं हसल्या आणि मुलीच्या डोक्यावर टपली मारून आत गेल्या. तू माझा हात इतका घट्ट धरलास की दुखला. "पाहिलं का? पोरगी बोलून राहिली अन् बाई ऐकून राहिली," तू म्हणालीस. "हीच."

त्या रात्रीचं जेवण मला आठवतं. चुलीवर भाकरी, जवसाची चटणी, बाबा पाटावर बसलेले, केसांत अजून लाकडाचा भुसा. तू सांगितलंस तसा त्यांचा घास हातातच राहिला. बाबा रागावले की आवाज वाढवत नसत, उलट कमी करत. "दीक्षाभूमीवर उभं राहून आपण का म्हटलं होतं? सारे देव सोडले. अन् आता पोरीले क्रूसापुढे हात जोडाले धाडतं? उद्या विहारात मी कोणत्या तोंडानं बसू?" तू भाकरी उलटलीस. तुझी बोटं भाजली असणार, कारण तू ती तोंडाशी नेलीस. "आपण देव सोडला जी, शाळा नाई सोडली. अन् माही पोरगी कोणापुढे हात जोडणार नाई. मी तसं सांगून येईन." बाबा म्हणाले, "तू सांगशील अन् ते ऐकतील?" तू म्हणालीस, "नाई ऐकलं त वापस आणीन." बाबांनी हातातला घास खाल्ला. जेवून उठले आणि विहाराकडे निघून गेले. पण जाताना त्यांनी नाही असं म्हटलं नाही, हे तू ताबडतोब पकडलंस, आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेस. आई, तुझं ते डोळे मिचकावणं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी थांबले होते, तू ड्यूटीवरून परस्पर तिथे आलीस, त्याच निळ्या काठाच्या लुगड्यात. फाटकावरच्या दरवानानं तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोणाच्या पोरीले न्यायले आली, बाई?" "न्यायले नाई आली," तू म्हणालीस, "माही पोरगी भरती कराले आली." आणि त्यानं बाजूला व्हायची वाट न बघता चालत राहिलीस. मी तुझ्या मागे. आजही एखाद्या मोठ्या कचेरीत शिरताना माझी चाल तुझ्यासारखी होते, असं नवरा म्हणतो.

मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, केरळकडच्या होत्या, हिंदीत मराठी मिसळून बोलायच्या. त्यांनी माझी उजळणी घेतली, गणित घातलं, मग इंग्रजीचं पुस्तक उघडून पुढे सरकवलं. मी एक ओळ वाचली आणि अडकले. "मुलगी हुशार आहे," त्या म्हणाल्या, "लेकिन आठवीत नाही जमणार. सातवी फिर से." एक वर्ष मागे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू लगेच म्हणालीस, "चालन." आणि मग, त्यांनी पेन उचललेलं असताना, जे बोलायची काहीच गरज नव्हती ते तू बोललीस. "सिस्टर, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमी बौद्ध आहो. पोरगी तुमच्या प्रार्थनेले उभी राहीन, चूप राहीन, पण हात जोडणार नाई. मंजूर असन तरच घ्या."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. त्यांनी तुझ्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "और कोई टीचर डाँटेगी, तब तुम क्या करोगी?" मी तुझ्याकडे पाहिलं. तू मुद्दाम खिडकीबाहेर बघत होतीस. तू मदत करणार नाहीस हे कळल्यावर मी म्हटलं, "हात खालीच ठेवीन." त्या म्हणाल्या, "तो फिर सीधी खड़ी रहना. झुकके नहीं." आणि माझं नाव लिहून घेतलं. बाहेर आल्यावर तू सीताबर्डीवरून मला काळे बूट आणि पांढरे मोजे घेऊन दिलेस. फीचं तू कसं जमवलंस ते मी इथे लिहीत बसत नाही, तुला ते आवडायचं नाही.

पहिले महिने वाईट गेले. वर्गातल्या मुली माझ्यापेक्षा लहान आणि इंग्रजीत माझ्या कितीतरी पुढे. एका परीक्षेत नापास झाले तेव्हा घरी येऊन दप्तर फेकलं आणि जुन्या मैत्रिणींबरोबर शिवण शिकायला जाते म्हणून हट्ट धरला. तू भांडी घासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "रडाचं असन त रड. पण उद्या डबा घेऊन जाय अन् तिथं बसून रड." दुसऱ्या दिवशी मी खरंच तिथे जाऊन रडले. मोठ्या सिस्टरांनी पाहिलं, कारण विचारलं नाही, पण तेव्हापासून मधल्या सुट्टीत मला त्यांच्या खोलीत बोलावून मोठ्यानं वाचायला लावू लागल्या. चुकलं की टेबलावर बोट आपटायच्या, बरोबर आलं की काहीच म्हणायच्या नाहीत. त्या गप्प बसण्यासाठी मी जीव तोडून वाचायची.

आणि मग तो दिवस आला. नव्या आलेल्या एका बाईंनी सकाळच्या प्रार्थनेत माझे लोंबते हात पाहिले, रांगेत शिरून ते धरले आणि एकमेकांवर दाबून जोडले. त्या पुढे गेल्या, मी हात खाली सोडले. त्या परत आल्या, पुन्हा जोडले. मी पुन्हा सोडले. सगळी शाळा गाणं म्हणत होती आणि माझ्या आजूबाजूच्या रांगा माझ्याकडे बघत होत्या. बाईंनी मला दंडाला धरून मोठ्या सिस्टरांपुढे उभं केलं. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इसकी माँ मुझसे कहके गई है. झूठमूठ जोड़े हुए हाथ मुझे नहीं चाहिए, मिस. ये सीधी खड़ी रहती है, मैं रोज़ देखती हूँ." बाईंचा चेहरा उतरला. पुढे त्याच बाईंनी मला वक्तृत्वाच्या स्पर्धेत उभं केलं, हेही सांगायला हवं.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा तू कणीक मळत होतीस. "रडली का?" तू विचारलंस. "नाही." तू मळत राहिलीस, पण हात एकदम जोरात चालायला लागले. बाबा दारात सायकल टेकवत होते, त्यांनी ऐकलं होतं. ते आत आले, हातपाय धुतले. पुढच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात त्यांनी उभं राहून सगळ्यांना ही गोष्ट सांगितली, तुझं नाव घेऊन. "पोरीच्या मायनं आधीच सांगून ठेवलं होतं," असं म्हणाले. तू बायकांत बसली होतीस. डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतलास, आणि मला दिसत होतं की पदराआड तू हसते आहेस. त्यानंतर वस्तीतल्या आणखी मुली त्या फाटकातून आत गेल्या. कुणाच्या घरी वाद झाला की त्या तुलाच बोलवायला यायच्या.

मॅट्रिक झाले, कॉलेज झालं, वकिली झाली. तू एकदा कोर्टात आली होतीस, आठवतं? मागच्या बाकावर बसलीस. समोरचे वकील वयानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. ते मला मध्येच तोडत होते, आणि मी थांबून, ते संपले की, पुन्हा माझ्याच वाक्यापासून सुरू करत होते. न्यायाधीशांनी शेवटी त्यांना बसायला सांगितलं. तुला इंग्रजीतलं काही कळलं नसेल, पण बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "ऐकून घेतलं नं त्यानं तुह्यं!" आणि मग रिक्षावाल्यापासून शेजारणींपर्यंत सगळ्यांना सांगत सुटलीस: माह्या पोरीले भेवच नाई.

आई, तुझ्याइतकं धीट माणूस मी पुढे कोर्टातही पाहिलं नाही. हातात आलेला प्रवेश एका खऱ्या वाक्यासाठी तू पणाला लावलास, आणि तेही माझ्यासमोर, मला दिसावं म्हणून. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. माझ्या पोरीला भीतीच नाही, असं तू म्हणायचीस तेव्हा मी कधी तुला अडवलं नाही, कारण ते ऐकायला मला फार गोड लागायचं. पण भीती होती गं. प्रार्थनेच्या रांगेत माझे गुडघे कापत होते, आणि अजूनही कोर्टात उभं राहायच्या आधी ते कापतात.