वरची मूठ

मी, मनीषा चिमाजी धोंगडे, वय २९, अविवाहित, राहणार कमळाबाईंच्या घराची मागची खोली, अंबड, नाशिक, अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा दबावाखाली मी हे लिहिलेले नाही.

बुधवारी, १२ नोव्हेंबरला, माझी शस्त्रक्रिया आहे. कशाची, ते इथे लिहिण्याची गरज नाही. खर्च कामगार विम्यातून होणार आहे. डॉक्टर म्हणाले, शंभरातले शहाण्णव जण चालत घरी जातात. आमच्या खात्यात शंभरात चार नग नापास झाले तर सगळा लॉट थांबवतात. म्हणून लिहून ठेवते आहे.

१. बँकेतील रु. ७१,००० आणि भविष्य निर्वाह निधीची पूर्ण रक्कम माझी आई नवसाबाई, राहणार घोटीजवळील आमचे गाव, हिला मिळावी. वडील हयात नाहीत, मला भावंड नाही. या पैशातून आधी आईच्या गुडघ्यांचा उपचार व्हावा. ती "बघू नंतर" म्हणेल. ते ऐकू नये.

२. दुचाकी विकावी. मागचा ब्रेक सैल आहे, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

३. माझ्या मालकीचा मायक्रोमीटर मी जिथे शिकले त्या आयटीआयला द्यावा. तो मी पहिल्या तीन पगारांतून घेतला होता. अट एकच. शून्य तपासल्याशिवाय त्याने कोणी काही मोजू नये.

४. कुंदन माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो. त्याला या मृत्युपत्राने कोणतीही वस्तू मिळत नाही, म्हणून तो साक्षीदार होऊ शकतो. त्याला एक कबुली मिळते.

गेल्या वर्षी कॅन्टीनमध्ये वाद झाला. आमच्या खात्यातला सरासरी पगार हातात १९,४०० येतो, माझाही तेवढाच. मी म्हणाले, पुरतो. कुंदन म्हणाला, "पुरतो ना? मग परवा रिक्षाला माझ्याकडून वीस रुपये का मागितलेस?"

"सुट्टे नव्हते."

"हां. महिनाअखेरीला सगळ्यांचेच सुट्टे संपतात."

लोक हसले. दुसऱ्या दिवशी मी माझ्या खर्चाचा तक्ता छापून नेला आणि सहा जणांसमोर ठेवला. भाडे, गॅस, पेट्रोल, आईला पाठवायचे तीन हजार, सगळे त्यात होते, आणि शेवटी ७४० रुपये उरत होते. मी म्हणाले, "पगार पुरतो. सवयी नीट हव्यात."

कुंदनने तक्ता घडी करून परत दिला. "सवयी म्हणजे काय गं? पोरींचं दूध?" त्याला दोन मुली आहेत. त्यानंतर अकरा दिवस तो माझ्यासोबत जेवायला बसला नाही.

५. तो तक्ता चुकीचा होता. दुरुस्ती अशी.

त्यात तांदूळ, डाळ आणि तिखट यांच्यापुढे मी शून्य लिहिले होते, कारण ते घरून येते. आई दर महिन्याला गावच्या दूधगाडीबरोबर पिशवी पाठवते. या दिवाळीला मी दीड वर्षानंतर गावी गेले. सगळ्यांच्या वावरात भात कापणीला आला होता. आमच्या वावरात कमरेएवढे गवत होते.

"हे कधीपासून असं पडलंय?" मी विचारले.

"तीन सालं झाली. भाताच्या आवणीला वाकता येत नाय. मजूर लावून परवडत नाय."

"मी मागे आले तेव्हा सांगितलं नाहीस."

"तू आली होतीस उन्हाळ्यात. तवा समद्यांचीच वावरं मोकळी."

"मग दर महिन्याचा तांदूळ?"

"घोटीतून घेते. गोड लागत नाय का?"

"मी पैसे औषधाला पाठवत होते, आई."

"तुला सांगितलं असतं तर तू ताटातल्या भाताला भाव लावला असता, मने. घशाखाली उतरला नसता."

हे बरोबर आहे. मी लावला असता.

नग मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने मोठा असला तरी मी परत पाठवते. तीन वर्षे भातात एकही खडा आला नाही, सगळे दाणे एकसारखे, तरी मला वाटले गिरणीवाल्याने नवे यंत्र घेतले. पिशवी आली की तिच्यातला तांदूळ काट्यावर ठेवायची मला सवय आहे. पूर्वी वजन नऊ किलो चारशे, दहा किलो सातशे असे काहीही यायचे, कारण आई पायलीने मोजते. गेली तीन वर्षे ते दहा किलो साठ ग्रॅम, दहा किलो पंचावन्न, दहा किलो सत्तर असे आले. दहाच्या वरचे मी 'काट्याची त्रुटी' म्हणून लिहीत गेले.

ती त्रुटी नव्हती. आमच्या घरात कोणाला धान्य मोजून दिले की वर एक मूठ टाकतात. सपाट माप देत नाहीत. दुकानातून तांदूळ दहा किलोच मिळतो. वरची मूठ आई स्वतःच्या डब्यातून टाकत होती.

माझ्या तीन हजारांतले साधारण एकोणीसशे पिशवीतून मला परत येत होते. आईच्या औषधपाण्याला अकराशे राहत होते. म्हणजे सरासरी पगार पुरत नाही. माझा पुरला, कारण कमी पडलेला भाग आईच्या गुडघ्यांनी भरला. कुंदन, तुझे बरोबर होते. हे कलम त्याच सहा जणांसमोर वाचून दाखवावे.

६. लोखंडी घडीची खाट, एक, आईला मिळावी. ती तिच्यासाठीच घेतलेली आहे. २०२२ साली पगार अकराशेने वाढला, तेव्हा मी आईला इकडे आणायचे ठरवले. खोली दहा फूट बाय नऊ आहे. दोन खाटा लावल्या तर मध्ये बावीस इंच जागा राहते. घरमालकीण कमळाबाई म्हणाल्या, "दोन माणसं म्हटल्यावर महिन्याला दोन हजार वर. पाणी दुप्पट लागतं. आई असो नाहीतर पाहुणी."

खाट तेव्हापासून भिंतीला उभी आहे. तिचे प्लास्टिक काढलेले नाही. कधी कधी कामावरून आल्यावर मी ती उघडून तिच्या जागेवर लावते आणि जेवण झाले की पुन्हा मिटते. ती दुसऱ्या कोणालाही देऊ नये.

७. हे कलम खोडले आहे. खोडाखोडीशेजारी माझी सही आहे. त्यात लिहिले होते की शस्त्रक्रियेबद्दल आईला बुधवारच्या आधी काहीही कळवू नये, तिला प्रवास झेपत नाही. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते. कुंदनने तो काल वाचला.

"म्हणजे तूही तिला दुकानचाच तांदूळ देणार," तो म्हणाला. "घरचा म्हणून."

मी बाहेर जाऊन फोन केला. आईने सगळे ऐकून घेतले आणि दोनच गोष्टी विचारल्या. घोटीहून गाडी कितीला आहे, आणि भाकरी करून आणू का तिथे मिळते.

८. आई आज दुपारी आली. खाटेचे प्लास्टिक काढले. आजपासून भाडे दोन माणसांचे लागेल. ते दोन हजार आणि तिची औषधे एका पगारात कशी बसवायची, ते मला अजून जमलेले नाही. मी वाचले तर हे मृत्युपत्र फाडावे, पण कलम ५ ठेवावे.

आईने पिशवी आणली आहे. ती मी काट्यावर ठेवलेली नाही.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत सही केली.

सही: मनीषा चिमाजी धोंगडे

साक्षीदार
१. कुंदन मल्हारी गतीर, सहकारी
२. कमळाबाई पुंजा दोंदे, घरमालकीण (यांनीही मजकूर वाचला. दोन हजार हा आकडा बरोबर असल्याचे सांगितले.)

स्थळ: अंबड, नाशिक
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार